मुठेतला एक डोह आणि मे महिन्यातली एक पहाट

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला आबांचा फोन आला. "बाई, लगेच या. मासं वर आल्यात." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आबा भोई. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या मुठेवर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत आल्या. मी प्राणिशास्त्र शिकवते, माशांवर काम करते. मासे वर येणं म्हणजे काय, हे दोघांनाही समजावून सांगायची गरज नव्हती. पाण्यातला प्राणवायू संपत आला की मासा पृष्ठभागाशी येतो आणि हवेला लागून असलेला पातळ थर तोंडानं ओढत राहतो. हवेतून थोडाफार प्राणवायू त्याच थरात उतरत असतो. ही त्याची शेवटची धडपड असते.

सव्वासहाला मी पोचले. गुडघाभर, हिरवट, अजिबात न हलणारं पाणी. खवल्या जातीच्या मासोळ्या तोंडं वर करून गोळा झाल्या होत्या. पाण्यावर पाऊस पडतो तशी बारीक वर्तुळं सगळीकडे उठत होती. काठाच्या दगडांमध्ये मल्या उलटे पडले होते, पांढरी पोटं वर. खालच्या वाळूतले मुरे तर बहुधा रात्रीच गेले होते, कारण त्यांचे रंग उतरले होते. दोन शिंगाळे अजून कल्ले हलवत होते. आणि या सगळ्यात एक मरळ अगदी शांतपणे वर आली, हवेचा घोट घेतला आणि खाली गेली. चिलापीची पिल्लं उथळ पाण्यात नेहमीसारखी फिरत होती.

मी ही सगळी हकिकत मांडते आहे, कारण त्या दिवसानंतर तिच्याबद्दल तीन वेगवेगळी मतं पुढे आली. कोणी म्हणालं, पाण्यात विष सोडलं. कोणी म्हणालं, यंदा ऊनच तसं होतं. कोणी म्हणालं, नदीत मैलापाणी येतं, मासे मरणारच. तिन्हींमध्ये थोडंथोडं खरं आहे, पण तिन्ही मिळूनही त्या पहाटेचं कारण पुरतं कळत नाही. ते कळायला डोह आधी कसा होता, हे ठाऊक असावं लागतं. आमच्या सुदैवानं आदल्या उन्हाळ्याची नोंदवही माझ्याकडे होती.

डोह होता तेव्हा

ही जागा खडकवासल्याच्या खाली आणि विठ्ठलवाडीच्या वर आहे. याहून नेमकं सांगत नाही, कारण तिथे अजून मासे आहेत.

खडकवासल्याखालची मुठा उन्हाळ्यात कशी असते हे पुणेकरांना माहीत आहे, तरी एक गोष्ट बऱ्याचदा लक्षात येत नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचं पाणी उन्हाळ्यात कालव्यांतून आणि जलवाहिन्यांतून शहराकडे आणि शेतीकडे जातं. नदीच्या पात्रात ते सोडलं जातं ते पावसाळ्यात, धरणं भरल्यावर. म्हणजे डिसेंबरनंतर पात्रात जे दिसतं, ते धरणाचं पाणी नसतंच. ते असतं झऱ्यांचं पाझरलेलं पाणी, आणि त्यात मिसळलेलं वस्त्यांचं सांडपाणी. पुण्याच्या हद्दीत शिरण्याआधीच मुठा अशी दोन पाण्यांवर जगणारी नदी झालेली असते: एक गार आणि स्वच्छ, दुसरं कोमट आणि घाण. माशांच्या दृष्टीनं सगळा प्रश्न या दोन पाण्यांच्या वाटणीचा आहे.

आमच्या डोहाशी नदी काळ्या खडकाच्या धारेवर आपटून वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पुरानं खरवडून खोल जागा केली होती. आबांच्या मापानं दीड पुरुष. डावा काठ उंच, आणि त्यात टणक बेसॉल्टच्या खाली मुरमाड, सच्छिद्र थर. पुण्याखालचा खडक असा थराथरांचा आहे: लाव्हाचा एक प्रवाह थिजला, त्यावर दुसरा आला. दोन थरांच्या सांध्यातून पावसाचं मुरलेलं पाणी महिनोन्महिने झिरपत राहतं. तिथूनच बावधनच्या झऱ्यासारखे झरे फुटतात. आमच्या डोहातही असाच एक पाझर होता. मनगटाएवढीही धार नव्हती, पण भर मे महिन्यात ती चालू असायची. काठावर करंज आणि उंबर, पाण्याला टेकलेली वाळुंजाची रांग.

त्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी मल्यावर प्रकल्प करत होती. मल्या बोटाएवढा मासा, तोंडाखाली चकतीसारखा चोषक, त्यानं दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. शास्त्रीय नाव गारा मुल्या. हे 'मुल्या' आपलं मराठीच आहे. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यानं शास्त्रात घेतली. खडशीचं 'खुद्री' केलं, कोळशाचं 'कोलस', मुऱ्याचं 'मूरे'. टॉर खुद्री हा आपला महसीर आणि बॅगॅरियस यारेली हा भला मोठा शिंगाळ्याच्या जातकुळीचा मासा, या दोघांची जगाला ओळख झाली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून. आज जगातला कुणीही अभ्यासक या जातींच्या मूळ जागेची नोंद बघायला गेला, तर त्याला पुण्याच्या नदीचं नाव सापडतं. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघतात. तिकडे नदी आहे आणि नदीचा वास वर्गापर्यंत येतो.

तर त्या एप्रिलअखेर दुपारी तीनला आम्ही घेतलेली मापं अशी होती. वरच्या उथळ खडकाळ भागात पाणी ३५ अंश. डोहाच्या पृष्ठभागावर ३१. डोहाच्या तळाशी २८. पाझराच्या तोंडाशी २६. सगळं मिळून दोनशे पावलांच्या आत.

भूजलाचं तापमान साधारणपणे त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं असतं. म्हणून पाझर मे महिन्यातही २६ वरच राहतो आणि डिसेंबरात तोच हाताला कोमट लागतो. माशाला नऊ अंशांची निवड दोनशे पावलांत मिळत होती. दुपारी उथळ भागात एकही मल्या दिसायचा नाही. सगळे पाझराच्या खालच्या दगडांवर. संध्याकाळी ऊन उतरलं की ते पुन्हा खडकावर चरायला जायचे. आबांना हे लहानपणापासून माहीत होतं. ते त्या कोपऱ्याला 'माजघर' म्हणायचे. "उन्हाचं मासं माजघरात जातंय. तवा तिथं पाग टाकायचा न्हाई," हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता.

माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे सांगायलाच हवी. ही मापं आम्ही प्रकल्पाच्या वहीत लिहिली आणि तिथेच ठेवली. या कोपऱ्याचं महत्त्व चार ओळींत लिहून कुठेतरी द्यावं, असं मला सुचलं नाही. पुढे काठाच्या कामावर हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा माजघराचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

काम

पावसाळा संपला आणि काठ नीट करण्याचं काम निघालं. पुराचं पाणी वस्तीत शिरू नये हा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्या बाजूनं विचार करायलाच हवा. जेसीबी आणि पोकलेन आत आणायला रस्ता लागतो, म्हणून पात्रात राडारोडा टाकून भराव केला. वळणावरची खोल जागा त्यात बुजली. उंच काठ तिरका कापून त्यावर दगड रचले, पाझराच्या तोंडावर मुरूम दाबला. अकरा करंज, तीन उंबर आणि वाळुंजाची सगळी रांग गेली. काम संपल्यावर भराव काढायचं ठरलं होतं. थोडा काढलाही. डोहाच्या जागी गुडघाभर पाण्याचं सपाट तळं राहिलं. वरून येणारं सांडपाणी होतं तेवढंच होतं. ते ना वाढलं ना कमी झालं. या प्रकरणात मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन उन्हाळ्यांत घाण तीच होती. बदलला तो निवारा.

त्या फेब्रुवारीत आबा एकदा म्हणाले, "बाई, पाण्यात हात घालून बघा." मी घातला. सकाळचे दहा वाजले होते आणि पाणी हाताला काहीच लागत नव्हतं, ना गार ना गरम.

विषाचा संशय आणि तो का टिकला नाही

मेलेले मासे दिसले की लोकांच्या मनात पहिलं येतं ते विष. हा संशय मी हलक्यानं घेत नाही. आपल्या नद्यांमध्ये रसायनं सोडली जातात हे कुणी नाकारू नये. पण विषानं मरण्याच्या आणि गुदमरून मरण्याच्या खुणा वेगळ्या असतात, आणि काठावर उभं राहून त्या वाचता येतात.

तीव्र विष आलं तर ते जात बघत नाही आणि वेळही बघत नाही. मरळ मरते, चिलापी मरते, चतुराच्या अळ्या मरतात, बेडूकमासे मरतात. इथे मरळ, मांगूर आणि चिलापी धडधाकट. आम्ही तळातले दगड उचलून पाहिले, चतुराच्या अळ्या जिवंत होत्या. गोगलगायी मात्र पाणी सोडून दगडांवर वर चढून बसल्या होत्या, हीसुद्धा प्राणवायू संपल्याची खूण. मेलेल्या माशांची तोंडं उघडी आणि कल्ले ताणून फाकलेले होते. मृत्यू पहाटेचे होते. आणि मरण्याचा क्रम ठरलेला होता: आधी तळातले मुरे, मग वाहत्या पाण्याचे मल्या, मग शिंगाळे, शेवटी खवल्या. ज्याला सर्वांत जास्त प्राणवायू लागतो तो पहिला गेला. मरळ आणि मांगूर थेट हवा घेऊ शकतात, म्हणून ते राहिले.

पाण्याच्या बाटल्या आम्ही जागेवरच रसायनं घालून स्थिर केल्या आणि प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीनं तपासल्या. पहाटेचा प्राणवायू लिटरला १.४ मिलिग्रॅम निघाला. मल्यासारख्या माशाला पाचाच्या वर हवा असतो. दोनच्या खाली बहुतेक मासे गुदमरतात.

त्याच दिवशी पाहणीला अधिकारी आले. ते प्रामाणिकपणेच आले होते. त्यांनी साडेअकराला नमुना घेतला आणि प्राणवायू साडेनऊ निघाला, म्हणजे उत्तम. अहवालात तोच आकडा गेला. आमचा १.४ आणि त्यांचा साडेनऊ, दोन्ही बरोबर होते. उथळ, तापलेल्या, मैलापाण्यानं पोसलेल्या तळ्यात शेवाळ माजतं. दिवसा ते उन्हात प्राणवायू सोडतं, इतका की पाण्यात बुडबुडे दिसतात. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तळातला गाळ, जंतू, मासे, सगळे मिळून तो खातात, आणि पहाटे तळ गाठला जातो. नदीची तब्येत बघायची तर कोंबडं आरवायच्या वेळी जावं लागतं. कार्यालयीन वेळेत घेतलेला नमुना अशा पाण्यात माशांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, हे माझं ठाम मत या प्रकरणात झालं.

मग ऊन

"यंदा ऊनच तसं होतं," हे दुसरं उत्तर. दुपारी तीनला आमच्या तळ्यात पाणी ३४ अंश होतं आणि पहाटे पाचलाही ३१. आकडे मोठे आहेत. पण ३४ अंशांना मासा नुसत्या तापानं मरतो का?

मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत रोहू, कटला आणि मृगळ यांच्यावर प्रयोग झाले आहेत. उबदार पाण्याला सरावलेले मासे सावकाश तापवत नेले, तेव्हा ४० अंशांच्या पुढे त्यांचा तोल गेला. आपले मासे उष्ण प्रदेशातले, ते युरोपातल्या ट्राउटसारखे पंचविशीत हात टेकत नाहीत. चिलापी तर ३८-३९ लाही तग धरते. तेव्हा ३४ अंशांनी मासे भाजून मेले नाहीत.

ऊन वेगळ्या वाटेनं मारतं. ती वाट मी विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवली तशीच इथे मांडते.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, हे शाळेत शिकवतात. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, २६ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ७.६ मिलिग्रॅम मावतो आणि ३४ अंशांना ६.६. फरक अवघा एका मिलिग्रॅमचा. एवढ्यानं कुणी मरत नाही, आणि बरेच लेख इथेच थांबतात म्हणून गोष्ट अर्धी राहते.

खरा बोजा खर्चाच्या बाजूला पडतो. माशाचं रक्त थंड, म्हणजे त्याचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. दर १० अंशांना त्याच्या शरीराचा खर्च ढोबळमानानं दुप्पट होतो. २६ वरून ३४ वर गेला की पावणेदोनपट. तोच मासा, तेवढंच खाणं, काहीही न करता नुसतं जिवंत राहायला पावणेदोनपट प्राणवायू. आणि हे फक्त माशाचं नाही. गाळ कुजवणाऱ्या जंतूंचंही तसंच. तळातली घाण तेवढीच, पण ती कुजण्याचा वेग वाढलेला. पाण्याची शिल्लक थोडी घटली आणि घरातली सगळी माणसं एकदम दुप्पट खायला लागली, असा हा हिशोब आहे.

वर अमोनिया. मैलापाण्यात तो असतोच, आणि त्याची दोन रूपं असतात. त्यातलं एकच माशाला जहाल, ते कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतं. शेवाळानं दुपारी पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप) साडेआठपर्यंत चढवलेला असतो. त्या सामूला २६ अंशांवर एकूण अमोनियाचा सुमारे १६ टक्के भाग जहाल रूपात असतो. ३४ अंशांवर २५ टक्के. म्हणजे एक थेंबही घाण न वाढता विष दीडपट. विषाचा संशय घेणारे लोक या अर्थानं अगदी चुकीचे नव्हते.

आता रात्र. डोह खोल होता तेव्हा त्याच्यात पाण्याचा साठा मोठा होता. दिवसभराचं ऊन वरच्या थरात राहायचं, तळ गार. झाडांची सावली दुपारचं सरळ ऊन अडवायची. भराव टाकल्यावर गुडघाभर पाणी तळापर्यंत तापलं, खालचा काळा खडक आणि काठावर रचलेले नवे दगड तापले, आणि रात्रभर तीच ऊब पाण्यात परत येत राहिली. रात्रीतून पाणी जेमतेम तीन अंश उतरलं. ज्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी, त्याच वेळी माशाची भूक चढलेली.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा मोठा अहवाल निघाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढल्याचं त्यात आहे. ही वाढ खरी आहे, चालू आहे आणि पुढेही होणार आहे. पण आमच्या डोहाच्या तळाशी एका हिवाळ्यात सहा अंशांची वाढ झाली, ती आकाशातून आली नव्हती. पुण्यात ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ अंशांची नोंद आहे आणि २८ एप्रिल २०१९ ला ४३.० ची. त्रेचाळिशीचा दिवस या नदीतल्या माशांना अनोळखी नाही. सायक्सनं नावं दिलेल्या जाती असे उन्हाळे पिढ्यान्‌पिढ्या काढत आल्या, त्या खोल डोहांत, कपारींत, वाळुंजाच्या मुळांत आणि पाझरांच्या तोंडाशी. तापत्या काळात याच जागा आपण पहिल्यांदा बुजवतो आहोत, ही माझी तक्रार आहे.

दोन उपाय, जे उपाय नव्हते

त्या पहाटेनंतर चांगल्या मनाची बरीच माणसं पुढे आली. एका गटानं पंप आणून दोन दिवस पाणी उडवलं. त्यानं काही खवल्या नक्की वाचल्या. पण पंपानं हवा मिसळते, पाणी गार होत नाही, आणि रात्री पंप चालवायला तिथे कोण थांबणार?

दुसऱ्या गटानं जूनमध्ये मत्स्यबीज सोडायचं ठरवलं. रोहू-कटल्याची बोटुकली, पिशव्या भरभरून, छायाचित्रांसह. मी विरोध केला आणि त्यामुळे काही लोक दुखावले, त्याचं मला वाईट वाटतं. मत मात्र बदललेलं नाही. ज्या पाण्यात मल्या जगला नाही त्यात दुसरा मासा सोडून मल्याची जागा भरत नाही. रोहू-कटला हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. खडकाला चिकटून शेवाळ खरवडणं त्यांचं काम नव्हे. तापलेल्या, साचलेल्या पाण्यात शेवटी कोण टिकतं ते खाली उजनीत दिसतंच: १९५२ साली भारतात आणलेली चिलापी आज भिगवणच्या खानावळींतली नेहमीची थाळी आहे. त्यावर हजारो घरं चालतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वरची प्रत्येक नदी त्याच एका माशाची होऊ द्यायची का, हा प्रश्न आहे.

लोणावळ्याजवळच्या वाळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते. ते काम मोठं आहे, त्यातली पिल्लं देशभर गेली. पण पिल्लू सोडायला वाहतं, गार, खोल पाणी लागतं, आणि मासे पैदा करणाऱ्या प्रत्येक माणसाला हे आधी ठाऊक असतं.

माजघर पुन्हा

दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर, आम्ही परवानगी काढली. ती मिळायला सात आठवडे लागले. काठाचं काम तसंच ठेवायचं, पुराच्या वाटेत काही बांधायचं नाही, यंत्र आणायचं नाही, या अटी. त्या रास्त होत्या. आबांची दोन मुलं, माझे विद्यार्थी आणि जवळच्या सोसायटीतली काही मंडळी, असे दर रविवारी बारा-पंधरा जण.

आधी पाझर शोधायचा होता. मुरमाखाली तो दिसत नव्हता, पण जानेवारीच्या पहाटे पाणी गार आणि पाझर त्याहून उबदार, तेव्हा आबा अनवाणी त्या काठानं चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. "हितं." तापमापक घातला तर आजूबाजूला १९ आणि तिथे २५. उन्हाळ्यात गार लागणारी जागा हिवाळ्यात उबेनं सापडते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पायांनी शोधताना मी पहिल्यांदा पाहिलं.

चार रविवारांत तोंड मोकळं झालं. त्याखाली घमेल्यांनी राडारोडा काढून दोन खोल्यांएवढा, छातीभर खोल खड्डा केला. तळाशी विटांचे तुकडे नकोत म्हणून नदीचेच गोटे परत टाकले, मोठे खाली, लहान वर, म्हणजे मधे कपारी राहतात. काठावर वाळुंजाच्या फांद्या खोचल्या. वाळुंज फांदीतून लागतो. मागे करंजाची रोपं. पण रोपांची सावली पडायला वर्षं जातात आणि मे महिना चार महिन्यांवर होता. म्हणून मार्चमध्ये खड्ड्यावर बांबूचा मांडव घातला आणि त्यावर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी. जूनच्या आत तो उतरवायचा, ही अटही होतीच.

त्या मेमध्ये मी पहाटेची मापं घेतली. दुपारी बाहेरचं तळं पुन्हा ३४ ला पोचलं. खड्ड्याच्या तळाशी २८ ते २९. पहाटे प्राणवायू बाहेर १.७, खड्ड्यात ३.६. साडेतीन म्हणजे काही चैन नव्हे, पण रात्र निघते. दोन पहाटे खवल्या वर आल्या. त्या खड्ड्याकडे सरकल्या आणि सूर्य वर आल्यावर पांगल्या. मेलेले मासे त्या महिनाभरात बोटांवर मोजण्याइतके. त्या वर्षी वळीव लवकर झाला आणि त्यानं दोनदा पाणी गार केलं, तेव्हा सगळं श्रेय खड्ड्याला देता येणार नाही. पहिल्या वळवानं रस्त्यांची घाण वाहून आणली ती पहाट सर्वांत वाईट गेली, हेही नोंदवते.

मुरे अजून परतले नाहीत. त्यांना बारीक वाळू-खडीतून वाहणारं पाणी लागतं आणि तसं पाणी तिथे पावसाळ्याशिवाय नाही. सांडपाणी शुद्ध होऊन आलं तरी ते तापलेलं, उघडं, उथळ आलं तर मुऱ्याला त्याचा अर्धाच उपयोग. धरणातून उन्हाळ्यात थोडं पाणी पात्रात सुटलं, तरच वरचा खळाळ पुन्हा खळाळ होईल. ते आमच्या घमेल्यांच्या हातातलं काम नाही, आणि ते मागितल्याशिवाय मिळणारही नाही. तशी मागणी आम्ही लेखी केली आहे, या वेळी उन्हाळ्यांच्या मापांसह.

मे संपता संपता मांडव सोडायला गेलो. सकाळचे सात. आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बांबूच्या गाठी सोडत होते. पाझराच्या तोंडाखालच्या दगडावर मल्या चिकटलेले दिसले. मोजले, सतरा. वहीत लिहिलं: पाणी २६.५.

जुलैअखेर धरणातून पाणी सुटलं आणि खड्डा निम्मा भरून गेला. वाळुंजाच्या बावीस फांद्यांपैकी नऊ उभ्या राहिल्या. जानेवारीत पुन्हा उपसायला लागेल. आबांच्या धाकट्या मुलानं घमेली आत्ताच आणून ठेवली आहेत.